चौघींची गोधडी

तुमच्या घरी माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत किंवा कपाटाच्या अगदी वरच्या खणात एखादी जुनी गोधडी असेल. असली, तर ती खाली काढा, दोघांनी मिळून चांगली झटका आणि हे वाचताना मांडीवर घेऊन बसा. नसली, तरी बिघडत नाही. वाचून झाल्यावर कदाचित एखादी शिवायला घ्याल. विषय अगदी घरगुती आहे. पण जिच्याखाली आपण पाळण्यात असल्यापासून निजत आलो, तिची साधी विचारपूस आपण कधी करत नाही, हेही काही बरे नव्हे.

पुण्याकडे आपण गोधडी म्हणतो. सातारा-कोल्हापूरकडे तीच वाकळ होते. चार पदरांची हलकी गोधडी म्हणजे चौघडी, आणि तान्ह्या बाळाचे ते दुपटे. नावे निरनिराळी, पण कूळ एकच : जुने कापड, सुई आणि दोरा. हे कूळ महाराष्ट्रापुरते नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांची काँथा शिवतात, बिहारमध्ये सुजनी, सिंध-राजस्थानकडे रल्ली. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी बायका आपल्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावतात. त्या फुलांवाचून कवंदी उघडीवाघडी दिसते, असे त्यांचे म्हणणे. बंगालचे कवी जसीमुद्दीन यांनी तर १९२९ साली एका काँथेभोवती सबंध कथाकाव्य रचले. त्यातली नायिका आपल्या संसाराची कहाणी टाक्या-टाक्यांनी त्या काँथेवर काढते. तेव्हा आपली गोधडी काही एकटीदुकटी नाही. तिचा गोतावळा मोठा आहे.

आता एक प्रश्न विचारते. गोधडी गरम का असते? तुम्ही म्हणाल, जाड असते म्हणून. पण तेवढ्याच जाडीचा एखादा ओला कांबळा अंगावर घेऊन पाहा, म्हणजे कळेल! खरे सांगायचे, तर गोधडी स्वतः गरम नसतेच मुळी. ऊब आपल्या अंगाची असते. गोधडी ती फक्त राखते. आणि राखते ती कापडाने जितकी, त्याहून अधिक हवेने. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते. गोधडीच्या दोन पदरांमध्ये अशी हवेची पातळ चादर असते. वरून धावदोरा घातला की कापडाला बारीक बारीक सुरकुत्या पडतात, फुगवटे येतात. त्या प्रत्येक फुगवट्यात चिमूटभर हवा कोंडलेली असते. पाच-सहा पदर आणि हजारो फुगवटे, म्हणजे हवेची केवढी कोठारे झाली, पाहा! गोधडी ओली झाली की या हवेच्या जागी पाणी शिरते आणि ऊब जाते. उन्हात वाळवून झटकली की ती पुन्हा फुलते. म्हणून आपल्या आजीचा आग्रह असे, की अंथरुणाला अधूनमधून ऊन दाखवावे.

जुनेच कापड का, याचेही उत्तर ऐका. नव्या कापडात खळ असते. ते ताठ असते आणि सुईला अडते. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ निघून गेलेली असते, सूत मऊ झालेले असते, त्यावर बारीक लव आलेली असते. ती लव अंगाला गोड लागते आणि हवाही धरून ठेवते. बाळाला नवे कापड टोचते आणि आजीच्या लुगड्याचे दुपटे टोचत नाही, यात मायेचा भाग आहेच; पण थोडा भाग धुण्याच्या दगडाचाही आहे, बरं का!

हे सगळे मला पुस्तकाने नंतर समजावले. आधी समजावले ते १९७१ सालच्या वैशाखात, साताऱ्यातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर. माझे लग्न ज्येष्ठात ठरले होते आणि मी मुंबईला जायची होते. मागल्या सोप्यात एक आक्का राहत. पांढरे केस, नाकावर चश्मा, आणि बोलणे सरळ. त्या एके दुपारी आईला म्हणाल्या, “पोरीला गोधडी शिवून द्यायची.” आई म्हणाली, “मुंबईला कुठली आलीय थंडी, आक्का?” त्यावर आक्का म्हणाल्या, “थंडी नसते गं. पण परकं घर पहिले दोन महिने गारच असतं.”

झाले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौघीजणी ओसरीवर बसू लागलो. आक्का, शेजारच्या मामी, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि मी. आक्कांनी आपले जुने इरकली लुगडे आणले. मामींनी फुलाफुलांची एक विटलेली सहावारी आणली. तळाला आईचे लुगडे होते, आणि माझे शाळेतले दोन परकर वरच्या ठिगळांसाठी निघाले. मैत्रीण मात्र रिकाम्या हाताने आली. तिच्या घरी पाठच्या चार बहिणी. आईची साडी विरली की तिचे परकर व्हायचे, परकर विरले की झबली, आणि झबली विरली की फडकी. ती दारातच उभी राहून म्हणाली, “आमच्यात जुनं असं काही उरतच नाही, आक्का.” आक्कांनी मान वरही केली नाही. लुगडे उलगडता उलगडता म्हणाल्या, “मग हात आणलेस ना? बैस.”

आता ती गोधडी कशी झाली, ते क्रमाने सांगते. म्हणजे तुम्हांलाही करता येईल.

पहिली गोष्ट मापाची. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, म्हणजेच २७ फूट. त्याचे चार सारखे भाग केले, तर प्रत्येक भाग पावणेसात फूट होतो. उंच माणूस पाय लांब करून निजला, तरी पुरावा! पन्हा साधारण चार फूट, म्हणजे एका माणसाची रुंदी. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हणतात. लुगड्याच्या बाबतीत अंथरुणानेच पायांचा विचार आधी करून ठेवलेला दिसतो. आक्कांनी लुगड्याचे हे चार पदर एकावर एक टाकले. त्याआधी काठ उसवून बाजूला काढले. काठ जाड असतो; तो मधे राहिला तर निजताना पाठीला लागतो. जरीची तार असेल तर ती टोचते, ती निराळीच.

दुसरी गोष्ट कापडाच्या निवडीची. सगळी कापडे शक्यतो सुती असावीत आणि आधी गरम पाण्यातून काढून वाळवावीत, म्हणजे काय आटायचे ते आधीच आटते. मामींनी हौसेने एक नायलॉनची साडीही आणली होती. आक्कांनी ती परत केली. ते कापड घाम टिपत नाही, पदरांमधून निसटत राहते आणि सुती कापडाशी त्याचे जमत नाही. “आपापल्या जातीचं सूत बरं,” असे त्या म्हणाल्या खऱ्या, आणि लगेच हसून पुढे म्हणाल्या, “हे सुताचं सांगतेय हो, माणसांचं नव्हे!”

तिसरी गोष्ट मांडणीची, आणि इथे चार माणसे लागतातच. तळाचे कापड जमिनीवर अंथरायचे, त्यावर आतले पदर, त्यावर ठिगळे जोडून केलेली वरची बाजू. मग चौघींनी चार कोपरे धरायचे आणि सारख्या जोराने ताणायचे. एकीने जास्त ओढले की गोधडी कायमची वाकडी होते. आमची गोधडी दोनदा वाकडी झाली, कारण मामी हसल्या की त्यांचा हात सैल पडे. शेवटी चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि पाण्याने भरलेले दोन तांबे ठेवले. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे पदर एकमेकांना बांधले आणि चारी कडा आत दुमडल्या. एवढे झाले की गोधडी उचलली, सरकवली, तरी हलत नाही.

चौथी गोष्ट टाक्यांची. दोरा सुताचा, जाडसर घ्यावा. नायलॉनचा दोरा मजबूत असतो, पण जुने कापड तो कापत जातो. दोरा हातभरच घ्यावा. आळसाने लांब घेतला तर गुंता होतो आणि वाचवलेला वेळ दुपटीने जातो. गाठ दोन पदरांच्या मधे लपवावी. टाका साधा धावदोऱ्याचा. पण सुई तळापर्यंत गेली पाहिजे. म्हणून डाव्या हाताचे बोट खाली धरतात आणि सुईचे टोक बोटाला लागले की तिला वर वळवतात. पहिल्या दिवशी माझ्या बोटाची चाळण झाली. आक्कांच्या बोटाला घट्टाच पडला होता, त्यांना काही लागत नसे. आम्ही कडेने सुरुवात केली आणि चौकोनात चौकोन घालत आत आत गेलो. असे केले की चौघी चार बाजूंना बसून शिवू शकतात, आणि सगळ्यांची तोंडे एकमेकींकडे राहतात. दोरा फार ओढू नये, एवढे मात्र लक्षात ठेवा. ओढला की फुगवटे चपटे होतात, आणि मघाशी सांगितलेली हवेची कोठारे रिकामी पडतात.

पाचवी गोष्ट बोलण्याची. ती कोणत्याही शिवणकामाच्या पुस्तकात नसते. हात गुंतलेले असले की माणूस मोकळे बोलतो, कारण कुणाच्या डोळ्याकडे पाहावे लागत नाही. त्या वैशाखात मामींनी आपले पहिले मूल कसे गेले, ते सांगितले. इतकी वर्षे शेजारी राहून आम्हांला ते ठाऊक नव्हते. आक्कांनी सासूची नक्कल करून दाखवली. मैत्रीण म्हणाली, की तिला पुढे शिकायचे होते, पण आता ते व्हायचे नाही. कुणी कुणाला उपदेश केला नाही. सुई चालू राहिली. मधे चार वाजता चहा होई, किंवा कैरीचे पन्हे. मामींच्या घरचे भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. बस्स, एवढाच थाट. पण त्या दुपारच्या शेंगदाण्यांची चव मला पुढे कुठल्याही पंक्तीत मिळाली नाही.

गोधडी संपली तेव्हा एक गंमत लक्षात आली. कोणती ओळ कुणाची, हे न विचारता सांगता येत होते. आक्कांचे टाके तिरपे, पण एकसारखे. मामींचे मधेच लांब. तिथे त्या हसल्या असणार! माझे गव्हाएवढे. आणि मैत्रिणीचे तांदळाच्या कणीएवढे, इतके बारीक आणि सरळ, की आक्कांनी चश्मा पुसून दोनदा पाहिले. “हिने साडी नाही दिली,” त्या म्हणाल्या, “पण गोधडी हिचीच आहे.”

आता जरा हिशेब करू. गोधडी पावणेसात फूट लांब, म्हणजे ८१ इंच; आणि चार फूट, म्हणजे ४८ इंच रुंद. अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळ घातली, तर सुमारे ९६ ओळी होतात. एका इंचात तीन टाके धरले, तर एका ओळीत २४३ टाके. सगळे मिळून झाले २३,३२८. मिनिटाला वीस टाके घातले, तरी निव्वळ सुईचे काम साडेएकोणीस तासांच्या आसपास जाते. त्यात उठणे-बसणे, दोरा ओवणे, दुखरी पाठ सरळ करणे, यांतले काहीच धरलेले नाही. चौघी बसल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला पाच तास. म्हणजे दोन-तीन दुपारी. एकटी बसली, तर पंधरवडा सहज जातो.

हा हिशेब मी मुद्दाम केला. आपल्याकडे दारावर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका येतात. जुन्या साड्या आपण द्यायच्या, अंगणात किंवा जिन्याखाली बसून त्या शिवणार. मजुरी सांगितली, की आपल्या तोंडून पटकन निघते, “एवढे कशाचे? साड्या तर आमच्याच!” खरे आहे, साड्या आपल्याच. पण ते तेवीस हजार टाके कुणाचे? शिंप्याच्या दुकानात यंत्रावर घातलेल्या शिवणीचे पैसे आपण मुकाट्याने मोजतो आणि हाताच्या शिवणीशी घासाघीस करतो. घरातल्या बायकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट केले, म्हणून ते फुकटातले आहे असा आपला समज झाला आहे. पुढच्या वेळी मजुरी ठरवताना एकच करा. आधी स्वतः हातभर लांबीची एक ओळ शिवून पाहा, आणि मग भाव बोला.

गोधडी धुणे हेही एकटीचे काम नाही. नवरात्राच्या आधी गावोगाव घरातली सगळी अंथरुणे नदीवर जात. ओली गोधडी एका माणसाला उचलवतही नाही. ती पिळायला दोघी लागतात : एकीने या टोकाला उजवीकडे पीळ द्यायचा, दुसरीने त्या टोकाला डावीकडे, आणि मधून पाण्याची धार लागली की दोघींनी खिदळायचे. हल्ली धुण्याचे यंत्र आहे, आणि पाठीचे दुखणे वाचवणारी वस्तू वाईट म्हणू नये. मात्र हाताने शिवलेली जुनी गोधडी यंत्रात घालू नका. भिजून जड झालेली गोधडी गरगर फिरली की जुने सूत तुटते. साबणाच्या पाण्यात भिजवा, पायांनी तुडवा, आणि पिळण्यासाठी शेजारणीला हाक मारा. पिळणे नकोच असेल, तर कठड्यावर टाकून निथळू द्या.

माझी गोधडी मुंबईला आली. आक्कांचे म्हणणे खरे ठरले : पहिले दोन महिने मी ती भर उकाड्यातही उशाशी घेऊन निजत असे. पुढे तिच्यावर माझी दोन मुले वाढली, आजारपणे झाली, पाहुणे निजले. आक्का गेल्या, मामी गेल्या. माझी मैत्रीण साताऱ्यातच राहिली. शिकायचे राहिले ते राहिलेच. पण तिने आपल्या दोन्ही मुलींना पदवीपर्यंत शिकवले, तेही शिवणकामाच्या मिळकतीवर. २००९ साली ती गेली. काही महिन्यांनी तिच्या थोरल्या मुलीने मला एक पुडके पाठवले. आत बारीक चौकटींची एक सुती सहावारी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच, की आईने सांगून ठेवले होते, ही गोधडीला द्यायची.

तोवर माझी गोधडी पार विरली होती. वरची ठिगळे फाटली होती, आतले इरकली जागोजागी दिसत होते. घरातली तरुण मंडळी म्हणाली, “आता ही वापरू नकोस, काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावू.” त्यांचे मन चांगले होते. मी दोन दिवस विचार केला. मग मनात आले, की गोधडी भिंतीवर टांगली तर तिच्यातली हवा काय भिंतीला ऊब देणार? आणि आपल्याकडे जुन्या गोधडीचा एक रीतसर उपाय आहेच : ती टाकायची नाही आणि जपूनही ठेवायची नाही, तर नव्या गोधडीच्या पोटात घालायची. जुनी आत भर होते, वरून दुसरे कापड येते.

मैत्रिणीची साडी मी मापली. सहा वार, म्हणजे १८ फूट. खालच्या आणि वरच्या बाजूला मिळून साडेतेरा फूट लागले. धुऊन धुऊन गोधडी चारी बाजूंनी आटली होती, म्हणून कडा दुमडूनही पन्हा पुरला. मी इमारतीतल्या तीन शेजारणींना बोलावले. एक नोकरीवाली, एक नुकतीच निवृत्त झालेली, आणि एक कॉलेजात जाणारी मुलगी, जिने आयुष्यात बटणदेखील लावले नव्हते. चार रविवार आम्ही बसलो. शेंगदाणे आणि गूळ मीच ठेवला. त्या मुलीचे टाके हरभऱ्याएवढे पडले. मी एकही उसवू दिला नाही.

माझ्या मैत्रिणीचे ते तांदळाच्या कणीएवढे टाके आता आत गेले आहेत, कुणाला दिसायचे नाहीत. पण रात्री हात फिरवला की ती बारीक रांग बोटांना लागते. ज्या मुलीपाशी एके काळी द्यायला जुनी साडी नव्हती, तिची साडी आज सर्वांत वर आहे.

साडी साडेचार फूट उरली. तिचे मी एक दुपटे करून ठेवले आहे. कुणाच्या तरी घरी पाळणा हलेलच.

तेव्हा आता तुम्ही काय कराल? फार काही नको. एक विरलेली सुती साडी काढा. ओळखीच्या तिघींना, किंवा तिघांनाही म्हणा, कारण सुई काही बाईपुरुष पाहत नाही, येत्या रविवारी बोलावा. ज्याच्यापाशी कापड असेल त्याने कापड आणावे. ज्याच्यापाशी नसेल, त्याला सांगा, नुसते हात घेऊन ये.